एडीएचडीचं निदान झाल्यावर: उपचार कुठून सुरू करायचे आणि कसे टिकवायचे

"हुशार आहे, पण लक्ष देत नाही." प्रगतिपुस्तकातला हा शेरा दोन-तीन वर्षं वाचून झाला की कुणीतरी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि चंचलता आवरणं जड जाण्याच्या विकाराचं, नाव काढतं. कधी वर्गशिक्षिका, कधी बालरोगतज्ज्ञ, कधी परदेशातली मावशी. मग घरात दोन तट पडतात. आजी म्हणते, याचा बापही लहानपणी असाच होता, शहाणा होईल आपोआप. बाबा म्हणतात, मेंदूच्या गोळ्या माझ्या मुलाला नकोत. आई रात्री मोबाइलवर वाचत बसते आणि जितकं वाचते तितकी जास्त घाबरते.

अशा मुलांबरोबर मी विशेष शिक्षिका म्हणून काम करते. औषधाची मात्रा ठरवणं माझं काम नाही, ते डॉक्टरांचंच. पण उपचार कुठे अडतात हे मला रोज दिसतं. बहुतेक घरांत एकाच आठवड्यात गोळी, नवी शिकवणी, साखर बंद, ब्राह्मी आणि मोबाइलवर बंदी असं सगळं एकदम सुरू होतं. कशाने फरक पडला आणि कशाने त्रास झाला, काहीच कळत नाही. दीड महिन्यात सगळे दमतात आणि सगळंच सुटतं. म्हणून या लेखात क्रमावर भर आहे: एका वेळी एक बदल, आणि त्या बदलाची नोंद.

सुरुवातीलाच दोन गोष्टी. एक, आजीचं निरीक्षण खरं असतं. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून एडीएचडीची आनुवंशिकता साधारण ७० ते ८० टक्के दिसते. हा संस्कारांचा किंवा आईच्या लाडांचा परिणाम नव्हे. पण म्हणून तो आपोआप जातोच असंही नाही. बऱ्याच जणांची धावपळ वयाबरोबर कमी होते, विसराळूपणा आणि कामं अर्धवट सोडणं मात्र मागे राहतं. दोन, "मोबाइलवर बरा दोन तास बसतो" हा एडीएचडी नसल्याचा पुरावा नाही. आवडीच्या गोष्टीत ही मुलं हरवून जातात. त्यांना जड जातं ते कंटाळवाण्या कामावर लक्ष टिकवणं, मनात आलेलं क्षणभर थोपवणं आणि वेळेचा अंदाज घेणं.

पायरी १: निदान पक्कं करून घ्या

रक्ततपासणी, एमआरआय किंवा 'ब्रेन मॅपिंग' यांतून एडीएचडीचं निदान होत नाही. त्यासाठी पालकांशी सविस्तर बोलावं लागतं, मुलाला भेटावं लागतं आणि घर व शाळा दोघांकडून प्रश्नावल्या भरून घ्याव्या लागतात. व्हॅन्डरबिल्ट आणि कॉनर्स या नेहमीच्या प्रश्नावल्या. भारतीय मुलांसाठी 'इन्क्लेन' या संशोधन संस्थेने तयार केलेलं साधनही आहे. हे काम बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञ करतात. दहा मिनिटांच्या भेटीत, शाळेला काहीही न विचारता निदान झालं असेल, तर दुसरं मत जरूर घ्या.

डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत दुर्लक्षाची नऊ आणि अतिचंचलता-उतावळेपणाची नऊ लक्षणं दिली आहेत. मुलांमध्ये यांपैकी एका तरी गटातली किमान सहा लक्षणं सहा महिन्यांहून अधिक काळ दिसायला हवीत (१७ वर्षं आणि त्यापुढे पाच पुरतात). काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असायला हवीत आणि ती घर, शाळा, शिकवणी, मैदान यांपैकी किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. ही 'दोन ठिकाणी'ची अट फार कामाची आहे. मूल फक्त वाचन-लेखनाच्या वेळीच टाळाटाळ करत असेल, तर आधी अध्ययन अक्षमता तपासावी. फक्त घरीच अस्वस्थ असेल, तर घरात काय चाललंय ते पाहावं. बऱ्याच मुलांना एडीएचडी आणि अध्ययन अक्षमता दोन्ही असतात, तेव्हा एकाचं नाव मिळालं म्हणून दुसऱ्याचा शोध थांबवू नये.

लक्ष न लागण्याची दुसरी कारणं आधी बाजूला काढावी लागतात. ऐकू नीट येतं का, फळा नीट दिसतो का, हिमोग्लोबिन कमी आहे का, थायरॉइडचा त्रास आहे का, हे पाहावं. रात्री मूल घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, तर नाकामागचे अ‍ॅडिनॉइड वाढले असतील आणि झोपच पुरी होत नसेल. मध्येच काही सेकंद नजर शून्यात जाते, हाक ऐकू येत नाही आणि मग काहीच न घडल्यासारखं मूल कामाला लागतं, असं वारंवार होत असेल तर तो फिटचा एक प्रकार असू शकतो. त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

मुलींबद्दल मला कळकळीने सांगायचंय. वर्गात उड्या मारणारा मुलगा सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो. खिडकीबाहेर बघत बसलेली, कुणाला त्रास न देणारी, कंपास रोज हरवणारी मुलगी 'धांदरट' म्हणून सोडून दिली जाते. सातवी-आठवीत अभ्यास वाढला की ती एकदम कोलमडते आणि तोवर 'मी मठ्ठच आहे' हे तिने स्वतःच ठरवून टाकलेलं असतं. अतिचंचलता नसलेलाही एडीएचडी असतो.

खाजगी डॉक्टर परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र ही ठिकाणं आहेत. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत एडीएचडी आहे. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासणीला येणाऱ्या पथकाला तुम्ही स्वतःहून सांगू शकता. कुठे जावं हेच कळत नसेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

पायरी २: एक वही घाला

साधी शंभर पानी वही. उपचार सुरू करण्याआधी दोन आठवडे तिच्यात फक्त नोंदी करायच्या. आधी तीन अडचणी निवडा, तीनच. त्या मोजता येतील अशा शब्दांत लिहा. 'उद्धट आहे' हे मोजता येत नाही. 'सकाळी तयार होताना किती वेळा सांगावं लागलं' हे मोजता येतं. 'गृहपाठाला बसल्यापासून किती वेळा उठला', 'आठवड्यात किती वेळा शाळेत वस्तू विसरली', 'धाकट्या बहिणीवर किती वेळा हात उचलला' हेही मोजता येतं. एक रकाना झोपेच्या वेळेचा, एक जेवणाचा. वर्गशिक्षिकेला आठवड्यातून एकदा दोन ओळी लिहायला सांगा. बहुतेक शिक्षिका लिहितात, तक्रारीचा सूर न लावता विचारलं तर.

ही वही डॉक्टरांकडे न्यायची. "बरं वाटतंय का?" या प्रश्नाला "हो, तसं बरंय" असं उत्तर दिलं की डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही. "आधी नऊ वेळा सांगावं लागायचं, आता चार वेळा, पण डबा रोज अर्धा परत येतो" असं सांगितलं की मात्रा कमी करायची, वाढवायची की वेळ बदलायची हे त्यांना ठरवता येतं.

पायरी ३: आधी घरातली माणसं शिकतात

पालक-प्रशिक्षण हा एडीएचडीवरचा सिद्ध झालेला उपचार आहे आणि त्याचं नाव ऐकून अनेक आईबाप दुखावतात. आम्ही चुकलो म्हणून आम्हाला शिकवताय का, असं त्यांना वाटतं. तसं अजिबात नाही. साध्या मुलाला जे एकदा सांगून पुरतं ते या मुलाला पुरत नाही, म्हणून त्याच्या पालकांना जास्तीचं तंत्र लागतं. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी पहिला उपचार हाच आहे, आणि सहा वर्षांपुढे औषधाच्या जोडीने हाच. बालवाडीतल्या मुलाला कुणी पहिल्याच भेटीत गोळी लिहून दिली, तर 'आधी प्रशिक्षण देता का' असं नक्की विचारा. समुपदेशकांकडे हे साधारण आठ ते बारा बैठकांत शिकवतात.

त्यातलं सर्वांत सोपं वाटणारं आणि सर्वांत अवघड जाणारं काम म्हणजे रोज पंधरा मिनिटं मुलाबरोबर त्याच्या मर्जीचा खेळ. प्रश्न विचारायचे नाहीत, शिकवायचं नाही, सुधारायचं नाही. तो ठोकळे चुकीचे लावत असेल तर लावू द्यायचे. दिवसभर ज्या मुलाच्या कानावर 'नको, थांब, परत?' हेच पडतं, त्याला तुमच्या कौतुकाची किंमत वाटावी म्हणून हा वेळ आहे. ती वाटेपर्यंत पुढची तंत्रं चालत नाहीत.

मग येते सूचना देण्याची पद्धत. सकाळचे साडेसहा, रिक्षा सात वाजता. आई स्वयंपाकघरातून ओरडते, "आवर लवकर, दात घास, युनिफॉर्म घाल, दप्तर बघ, पाण्याची बाटली घेतलीस का?" मुलगा एक मोजा हातात घेऊन पलंगावर बसलाय आणि मोज्याच्या इलॅस्टिकचा धागा ओढतोय. त्याच्या कानात पाच कामं गेली आणि डोक्यात एकही राहिलं नाही. आता हेच असं करून पाहा. गॅस बारीक करा, त्याच्याजवळ जा, खांद्यावर हात ठेवा, त्याने तुमच्याकडे पाहिलं की एकच वाक्य बोला: "दुसरा मोजा घाल." पाच सेकंद गप्प उभं राहा. मोजा चढला की लगेच, त्याच क्षणी, नेमकं बोला: "एकदा सांगितल्यावर घातलास." नुसतं 'शाबास' कमी पडतं, कशाबद्दल ते कळायला हवं. बाकीची कामं चित्रांच्या तक्त्यावर आणि तो तक्ता पलंगासमोरच्या भिंतीवर. फ्रिजवर लावलेला तक्ता मोजे घालताना दिसत नाही. मदत जिथे काम होतं तिथेच आणि तेव्हाच मिळायला हवी.

बक्षीसही तसंच. 'वार्षिक परीक्षेत चांगले मार्क मिळाले तर सायकल' हे एडीएचडीच्या मुलासाठी नसल्यातच जमा आहे, ती सायकल फारच लांब आहे. रोजच्या कामाचे ठोकळे किंवा टिकल्या, आणि संध्याकाळीच त्यांच्या बदल्यात काहीतरी: आजोबांबरोबर कॅरमचा एक डाव जास्त, रात्रीच्या भाजीची निवड, झोपायच्या आधी एक गोष्ट. पैसे खर्च करण्याची गरज नाही. मिळालेली टिकली रागाच्या भरात काढून घ्यायची नाही. दोन-तीन आठवड्यांनी बक्षिसाची गोडी ओसरते, ही मुलं लवकर कंटाळतात. तेव्हा पद्धत फसली असं न समजता बक्षीस बदला.

शिक्षा थोड्या, आधी ठरलेल्या आणि लगेच होणाऱ्या असाव्यात. मारल्याने या मुलांत सुधारणा होत नाही, उलट मारकुटेपणा वाढतो. छोट्या हट्टाकडे दुर्लक्ष करायला लागलात की पहिले काही दिवस हट्ट वाढेल. मूल पूर्वीचा उपाय अजून चालतो का ते तपासून बघतं. नेमकं याच टप्प्यावर आजीला दया येते आणि ती चॉकलेट देते. म्हणून समुपदेशकाच्या निदान एका बैठकीला आजी-आजोबांनाही घेऊन जा. एकत्र कुटुंबात हे केलं नाही तर बाकी सगळी मेहनत वाया जाते.

पायरी ४: औषधाचा निर्णय

घरातले बदल पाच-सहा आठवडे नीट करूनही शाळा, मैत्री आणि घर यांत अडचण उरली असेल, किंवा लक्षणं पहिल्यापासूनच तीव्र असतील, तर सहा वर्षांवरच्या मुलात औषधाचा विचार टाळू नये. अमेरिकेत ५७९ मुलांवर १४ महिने चाललेला एमटीए हा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लक्षणं कमी करण्यात काळजीपूर्वक दिलेलं औषध हे नुसत्या वर्तन-उपचारापेक्षा सरस ठरलं. औषध आणि वर्तन-उपचार दोन्ही मिळालेल्या मुलांमध्ये इतर काही बाबतींत अधिक फायदा दिसला. पण त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. नेहमीच्या डॉक्टरांकडे जाणाऱ्या गटातल्या बहुतेक मुलांनाही औषध मिळतच होतं, तरी त्यांना फायदा कमी झाला. अभ्यासातल्या मुलांची मात्रा हळूहळू जुळवून ठरवली होती आणि त्यांना दर महिन्याला डॉक्टर भेटत होते. बाहेरच्या मुलांना मात्रा कमी आणि भेटीही कमी. तीन वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा गटांमधला फरक उरला नव्हता, कारण तोवर ती नेमकी देखरेख संपलेली होती, असं अनेक तज्ज्ञ मानतात. नुसती गोळी लिहून घेऊन सहा महिने न फिरकणं म्हणजे अर्धाच उपचार.

औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगावं असं काही: घरात कुणाचा तरुण वयात अचानक हृदयविकाराने मृत्यू झाला आहे का, मूल पळताना चक्कर येऊन पडलं आहे का, हृदयाचा जन्मजात दोष, फिट, काचबिंदू, अंगाला आपोआप बसणारे छोटे झटके किंवा डोळे मिचकवण्याची सवय (टिक्स), तीव्र भीती, आणि सध्या चालू असलेली सर्व औषधं, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीसुद्धा. वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब यांचे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.

*मिथाइलफेनिडेट.* सर्वांत जास्त वापरलं जाणारं औषध. १९४४ मध्ये तयार झालं आणि १९५४ पासून बाजारात आहे, म्हणजे सत्तर वर्षांचा अनुभव पाठीशी आहे. मेंदूत डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन ही रसायनं ते थोडा जास्त वेळ उपलब्ध ठेवतं. साधी गोळी अर्ध्या ते एक तासात काम सुरू करते आणि तीन-चार तासांत उतरते, म्हणून ती दिवसातून दोन-तीनदा द्यावी लागते. लांब चालणारी गोळी प्रकारानुसार आठ ते बारा तास पुरते आणि शाळेत गोळी द्यायचा प्रश्न मिटतो; ती चावून किंवा कुटून द्यायची नाही. सुरुवात सहसा पाच मिलिग्रॅमसारख्या छोट्या मात्रेने होते आणि आठवड्या-आठवड्याने वाढवतात. परिणाम त्याच दिवशी दिसू शकतो, पण योग्य मात्रा सापडायला महिना-दोन महिने लागतात. तोवर 'गोळीचा उपयोग नाही' असं ठरवू नका.

ही गोळी सगळ्या दुकानांत मिळत नाही आणि तिथे पालक गोंधळतात. ती औषध कायद्याच्या परिशिष्ट एक्समध्ये येते. त्यासाठी केमिस्टला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत केमिस्टला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. म्हणून दुकानदाराने हटकलं तर लाजू नका, नियम सगळ्यांना तोच आहे. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार ही गोळी व्हिडिओ कॉलवरून लिहून देता येत नाही, प्रत्यक्ष भेट लागते. तालुक्याच्या गावी राहत असाल तर कोणत्या दुकानात ती नियमित येते हे डॉक्टरांनाच विचारून ठेवा आणि शेवटची पट्टी संपायच्या आठवडाभर आधी हालचाल करा.

दुष्परिणामांत भूक सर्वांत आधी जाते. गोळीआधी पोटभर न्याहारी करून घ्या; पोहे, थालीपीठ-लोणी, दूध-भाकरी, जे आवडतं ते. दुपारचा डबा कमी खाल्ला जाईल हे धरून चाला आणि त्यावरून रोज भांडू नका. संध्याकाळी गोळी उतरली की भूक परत येते, तेव्हा शेंगदाण्याचा लाडू, केळं, नेहमीचं जेवण द्या. रात्री नऊला पुन्हा काही मागितलं तर द्या. झोप लांबत असेल तर दुपारची मात्रा अलीकडे आणण्याबद्दल विचारा. डोकेदुखी आणि पोटदुखी पहिल्या दोन आठवड्यांत बहुधा जाते. गोळी उतरताना, साधारण शाळेतून आल्यावर, अर्धा-पाऊण तास चिडचिड होऊ शकते. त्या वेळात गृहपाठाला बसवू नका, खाणं आणि मैदान आधी. मूल गप्पगप्प, कोमेजलेलं, 'स्वतःसारखं नाही' असं वाटलं तर मात्रा जास्त झालेली असू शकते. हे सहन करत राहायचं नसतं, डॉक्टरांना लगेच सांगा. छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, नसलेलं दिसणं-ऐकू येणं असं काही झालं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

उंची वाढण्याचा वेग काही मुलांत पहिल्या वर्षांत थोडा मंदावतो. म्हणून वजन दर तीन महिन्यांनी आणि उंची दर सहा महिन्यांनी मोजतात. नाडी आणि रक्तदाब प्रत्येक वेळी मात्रा बदलल्यावर, आणि एरवी सहा महिन्यांनी.

राहिली व्यसनाची भीती. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, तोंडाने घेतलेल्या या औषधाने मुलांना व्यसन लागत नाही, आणि एडीएचडीवर उपचार घेतल्याने पुढे व्यसनाचा धोका वाढतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. उपचारच न मिळालेल्या एडीएचडीत मात्र किशोरवयात तंबाखू, दारूकडे वळण्याचा धोका जास्त असतो.

*अ‍ॅटोमॉक्सेटिन.* हे मिथाइलफेनिडेटसारखं उत्तेजक गटातलं नाही, म्हणून परिशिष्ट एक्सची कटकट नाही. ज्यांना मिथाइलफेनिडेट सोसत नाही, ज्यांना सोबत टिक्स किंवा चिंतेचा त्रास आहे, त्यांना हे बऱ्याचदा देतात. पूर्ण परिणामाला चार ते सहा आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त, त्यामुळे 'परीक्षेपुरतं' असं हे औषध घेताच येत नाही. मळमळ आणि पेंग येते. जेवणानंतर दिलं तर मळमळ कमी होते. कॅप्सूल उघडून पूड करायची नाही. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, किंवा मूल मरणाबद्दल, स्वतःला इजा करण्याबद्दल बोलू लागलं तर एकही दिवस न थांबता डॉक्टरांना गाठा.

*क्लोनिडिन.* झोपेचा त्रास, टिक्स किंवा फार अंगात आल्यासारखी धावपळ असेल तर. रक्तदाब उतरवणारं औषध आहे, त्यामुळे पेंग येते. ते स्वतःच्या मनाने अचानक कधीही बंद करू नका, रक्तदाब एकदम चढू शकतो. गावाला जाताना ही पट्टी विसरलात तर परत येऊन देऊ असं म्हणू नका.

औषध किती वर्षं? आधी सांगता येत नाही. वर्षातून एकदा डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवून काही दिवस मिथाइलफेनिडेट थांबवून पाहतात आणि घर-शाळेच्या नोंदींवरून गरज उरली आहे का ते ठरवतात. हा प्रयोग शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात किंवा परीक्षेच्या तोंडावर करू नये.

पायरी ५: शाळेशी बोलणं

मुख्याध्यापकांना लांबलचक पत्र देण्यापेक्षा वर्गशिक्षिकेकडे चार नेमक्या गोष्टी मागा. पहिल्या बाकावर, खिडकी आणि दारापासून दूर जागा. लांब काम दोन तुकड्यांत. मध्येच उठायचं काहीतरी अधिकृत निमित्त, जसं खडू आणणं, फळा पुसणं, वह्या गोळा करणं. आणि रोजच्या डायरीत एका ठरलेल्या वागण्यावर एक खूण, जिची टिकली घरी मिळते. मधली सुट्टी काढून घेण्याची शिक्षा मात्र करू नका असं हात जोडून सांगा. या मुलांना पळायला मिळालं नाही तर पुढचे तास आणखी बिघडतात.

सवलतींबद्दल मोठा गैरसमज आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत एडीएचडी स्वतंत्रपणे नाही, पण विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. म्हणून मुलाला दोन्ही असतील तर अध्ययन अक्षमतेची चाचणी आणि अधिकृत प्रमाणपत्र दहावीच्या फार आधी, सातवी-आठवीतच करून घ्या. जादा वेळ आणि लेखनिक या सवलती त्या प्रमाणपत्रावर मिळतात. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांत ही तपासणी होते. तिथे गर्दी असते, नंबर लागायला वेळ लागतो, म्हणूनच घाई करा.

पायरी ६: झोप, खेळ, आहार आणि बाजारातले उपाय

झोप आणि मैदान खरोखर कामाचे. झोपण्याआधी तासभर मोबाइल-टीव्ही बंद, रोज एकच वेळ. संध्याकाळी घाम येईल असा खेळ, मग तो खो-खो असो, पोहणं असो की मल्लखांब.

साखरेने एडीएचडी होत नाही, वाढतही नाही. आई आणि मूल दोघांनाही न सांगता साखर आणि पर्यायी गोडवा देऊन पाहिलेल्या अभ्यासांत फरक आढळला नाही. कृत्रिम रंगांचा काही मुलांवर थोडा परिणाम दिसला आहे, तेव्हा रंगीत गोळ्या-चॉकलेटं कमी केली तर तोटा नाही. ओमेगा-३चा फायदा असला तर अगदी थोडा. शरीरात लोह कमी असेल तर ते भरून काढायलाच हवं.

ऑक्युपेशनल थेरपीने हस्ताक्षर, तोल, हातापायांचा समन्वय सुधारू शकतो आणि त्यासाठी ती जरूर घ्या. एडीएचडीच्या मूळ लक्षणांवर तिचा भरवसा ठेवून औषध टाळत राहणं मात्र मला पटत नाही. न्यूरोफीडबॅक, म्हणजे मेंदूच्या लहरी पडद्यावर बघत लक्ष साधण्याचा सराव, महाग आहे आणि त्याचा पुरावा कच्चा आहे. ब्राह्मी, शंखपुष्पी देत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका आणि औषधाच्या जागी देऊ नका. 'तीन महिन्यांत एडीएचडी मुळापासून बरा' अशी हमी देणाऱ्याला पैसे देऊ नका. ते पैसे पालक-प्रशिक्षणाच्या बैठकांना लावा.

पायरी ७: वय वाढल्यावर

तेरा-चौदाव्या वर्षी मूल म्हणतं, मला गोळी नको. तेव्हा जबरदस्तीने भागत नाही. तोवरची वही त्याच्यासमोर ठेवा, डॉक्टरांच्या भेटीत पहिली दहा मिनिटं त्याला एकट्याला बोलू द्या, कोणत्या विषयाच्या तासाला फरक पडतो ते त्यालाच नोंदवू द्या. अकरावीनंतर वसतिगृहात जाणार असेल तर त्या शहरातला मानसोपचारतज्ज्ञ आणि परवाना असलेला केमिस्ट प्रवेशाआधीच शोधून ठेवा. परीक्षेच्या काळात मित्र गोळी मागतील. ती देणं त्या मित्राच्या जिवाला धोक्याचं आहे आणि बेकायदाही, हे आधीच स्पष्ट सांगा. दुचाकी हातात देण्याआधीही विचार करा, एडीएचडीत अपघातांचं प्रमाण जास्त असतं आणि रात्री उशिरा गोळीचा परिणाम उरलेला नसतो.

अमेरिकेतून परतणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एक सूचना: तिथे सर्रास लिहून दिलं जाणारं अ‍ॅडेरॉल भारतात मिळत नाही. निघण्याआधीच तिथल्या डॉक्टरांकडून मिथाइलफेनिडेटवर किंवा अ‍ॅटोमॉक्सेटिनवर बदल करून घ्या आणि तो महिना-दोन महिने स्थिर होऊ द्या. जपानमध्ये तर अ‍ॅडेरॉल सोबत नेणंही बेकायदा आहे. आखाती देशांत जाताना नियंत्रित औषधांसाठी आधी परवानगी लागते का, ते तिथल्या आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावर तपासा.

आणि मुलाच्या प्रश्नावल्या भरताना अनेक बाबा, अनेक आयाही मध्येच थांबतात, कारण प्रत्येक ओळ त्यांची स्वतःची असते. बिलं भरायची राहणं, अर्धवट कामांचा ढीग, घरच्यांशी त्यावरून होणारी भांडणं. मोठ्यांसाठी एएसआरएस ही छोटी प्रश्नावली आहे. ती केवळ चाळणी आहे, निदान मानसोपचारतज्ज्ञच करतात. मोठ्यांमध्ये औषध हा पहिला उपचार असतो आणि जोडीला कामं आखणं, वेळ दिसेल अशी ठेवणं, टाळाटाळ मोडणं शिकवणारी वर्तन-विचार चिकित्सा. रक्तदाब, गरोदरपण आणि दारू यांबद्दल डॉक्टरांना खरं सांगा. पालकाचाच एडीएचडी आटोक्यात नसेल तर मुलाचे तक्ते आणि गोळ्यांच्या वेळा पाळणं त्याला फार जड जातं, म्हणून स्वतःची तपासणी पुढे ढकलू नका. मुलाच्या पट्टीतली गोळी घेऊन पाहू नका. दोघांची औषधं दोन वेगळ्या चिठ्ठ्यांवर, दोन वेगळ्या डब्यांत आणि कुलपात ठेवा.